अंदमान: आधी बोट, मग खोली! हॅवलॉक आणि नीलमध्ये कुठे राहावे, काय खावे, पाण्यात कसे उतरावे

अंदमानची सहल बहुतेक घरांत हॉटेलपासून ठरते. फोटोतली निळी खोली आवडते, पैसे भरले जातात, मग विमान बघितले जाते आणि बोटीचे तिकीट अगदी शेवटी आठवते. खरे तर क्रम उलटा हवा. या बेटांवर तुमचा दिवस तीन गोष्टी ठरवतात: बोटीची वेळ, भरती-ओहोटी आणि लवकर मावळणारा सूर्य. या तिन्ही जुळल्या तर साध्या बांबूच्या झोपडीतही सहल सोन्यासारखी होते. त्या चुकल्या तर महागड्या रिसॉर्टच्या व्हरांड्यात बसून उघडे पडलेले खडक बघत राहावे लागते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही नावे २०१८ सालची आहेत. पोर्ट ब्लेअरचे २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. तिकिटावर, फलकावर आणि रिक्षावाल्याच्या तोंडी यांतले कोणतेही नाव येऊ शकते, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. या लेखात बोलण्यातली जुनी नावे वापरली आहेत.

कधी जावे आणि किती दिवस काढावेत

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. समुद्र शांत असतो, पाणी नितळ असते आणि बोटी सहसा रद्द होत नाहीत. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मान्सून येतो. आपल्याकडे पाऊस उघडला की तिकडेही उघडला, असे मात्र समजू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे ईशान्य मान्सूनच्या सरी असतात आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही हाच मोसम. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक दिवस जास्तीचा धरूनच बेत आखावा.

सहा रात्री ही चांगली बेरीज आहे: पहिली पोर्ट ब्लेअरला, मग तीन हॅवलॉकला, एक नीलला आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र कापायचा मोह सगळ्यांना होतो. ‘सकाळी नीलहून बोट, दुपारी विमान’ हे गणित कागदावर बसते, पण हवा बिघडली किंवा बंदराने बोट थांबवली की विमान हातचे जाते आणि विमान कंपनी पैसे परत करत नाही. ती रात्र म्हणजे तुमचा विमाच समजा. शिवाय स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणे) केले असेल तर विमानाआधी ठरावीक तास जमिनीवर काढावेच लागतात. त्याबद्दल पुढे.

मुंबई-पुण्याहून निघाल तर बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावे लागते. चेन्नई किंवा कोलकात्यापासून पुढचा प्रवास दोन-सव्वादोन तासांचा. विमान सकाळी उतरत असले तरी त्याच दुपारची बोट धरू नका. एका विमानाला दीड तास उशीर झाला की पूर्ण साखळी तुटते.

पायरी पहिली: बोट

हॅवलॉक आणि नीलला विमानतळ नाही. पोर्ट ब्लेअर–हॅवलॉक–नील–पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण बोटीनेच करायचा. खासगी बोटींमध्ये मॅक्रूझ, नॉटिका आणि ग्रीन ओशन ही नावे नेहमी कानावर येतील. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते अडीच तास आणि हॅवलॉक ते नील साधारण तासभर लागतो. भाडे एका टप्प्याला माणशी सव्वा ते दोन हजारांच्या घरात, वर्गाप्रमाणे बदलते.

मॅक्रूझ आणि नॉटिका या बंद, वातानुकूलित, वेगवान बोटी आहेत. आत बसले की बाहेर डेकवर फिरता येत नाही. ग्रीन ओशन जरा संथ, पण वर मोकळ्या डेकवर जाऊन वारा खाता येतो. ज्यांना बंद जागेत मळमळते त्यांनी वेळेपेक्षा डेकचा विचार करावा. सरकारी बोट काही शे रुपयांत नेते. पण तिची तिकिटे थोडेच दिवस आधी खुली होतात आणि बेटावरच्या रहिवाशांना त्यांत प्राधान्य असते. ते योग्यही आहे, कारण त्यांच्यासाठी ती आपल्या एसटीसारखी रोजची गाडी आहे. कुटुंब घेऊन जाताना सगळा बेत सरकारी बोटीवर टांगू नका.

बुकिंग करताना तिन्ही टप्पे एकाच बैठकीत करा. डिसेंबरचा शेवट, संक्रांतीच्या आसपासची सुट्टी आणि मे महिन्याची सुरुवात या काळासाठी दोन महिने आधी. हॅवलॉकला जाणारी सकाळची बोट घ्या, म्हणजे पोहोचल्यावर अर्धा दिवस हातात राहतो. नावे ओळखपत्रावर आहेत तशीच टाका आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. तिकीट छापून किंवा फोनमध्ये साठवून घ्या, जेटीवर नेटवर्क मिळेलच असे नाही. सुटण्याच्या तासभर आधी पोहोचावे, सामानाची तपासणी असते. खासगी बोटी हॅडो धक्क्यावरून आणि सरकारी बोटी फिनिक्स बेच्या जेटीवरून सुटतात. चुकीच्या धक्क्यावर उतरून रांगेत उभे राहणारी माणसे तिथे नेहमी दिसतात. रिक्षात बसतानाच तिकिटावरचा धक्का वाचून दाखवा.

बोट लागण्याचा त्रास असेल तर उपाशी निघू नका आणि भरपेटही खाऊ नका. दोन इडल्या किंवा अर्धी पोळी बरी. जागा निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागे घ्या, तिथे हेलकावा कमी जाणवतो. पुढच्या रांगेतून देखावा छान दिसतो आणि पोटही तिथेच ढवळते. एव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. या गोळीने गुंगी येते, म्हणून त्याच दिवशी स्कूबा ठरवू नका. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्याव्यात. बोट चालू असताना फोनमध्ये डोके घालू नका, नजर क्षितिजावर ठेवा.

पायरी दुसरी: सूर्य आणि पाणी यांचे वेळापत्रक

अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळपास २० रेखांश आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरमध्ये तिथे संध्याकाळी ५ च्या सुमारास सूर्यास्त होतो, मे महिन्यातही साडेपाचनंतर फार वेळ उरत नाही. ‘दुपारी जेवून, थोडे पडून, चारला निघू’ हा आपल्याकडचा सुट्टीचा रिवाज तिथे पूर्ण दिवस खाऊन टाकतो. दुपारच्या जेवणाची वेळ १२ ची ठेवा आणि सूर्यास्ताच्या किनाऱ्यावर साडेतीनला पोहोचा. सकाळ मात्र भरपूर मिळते. साडेपाच-सहाला लख्ख उजाडलेले असते आणि पाणी सर्वांत स्वच्छ तेव्हाच असते.

भरती-ओहोटीचे कोष्टक ‘पोर्ट ब्लेअर’ या नावाने शोधले की इंटरनेटवर मिळते. मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाची भरती-ओहोटीची वेळ एका कागदावर लिहून घ्या. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, फरक थोडा. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, पण हॅवलॉकला त्याचा परिणाम फार ढोबळपणे दिसतो आणि खोली कुठे घ्यायची तेही त्यावरच ठरते.

पायरी तिसरी: खोली

हॅवलॉकमध्ये गावांना नावांबरोबर आकडे आहेत. १ नंबरला जेटी, ३ नंबरला म्हणजे गोविंदनगरला बाजार, ५ नंबरला विजयनगरचा किनारा आणि ७ नंबरला राधानगर. रिक्षावाले आकड्यांतच बोलतात.

बहुतेक रिसॉर्ट ३ आणि ५ नंबरच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. सीशेल, सिम्फनी पाम्स अशी मधल्या किमतीची आणि त्याखालच्या बांबूच्या झोपड्या, सगळे याच पट्ट्यात. बाजार जवळ, खाण्याचे पर्याय भरपूर आणि स्कूबाची केंद्रेही इथेच. पण एक गोष्ट हॉटेलवाले सांगत नाहीत. या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप लांब जाते आणि खाली खडक व मेलेले प्रवाळ उघडे पडते. ‘समुद्राला लागून खोली’ म्हणजे ‘खोलीसमोर पोहता येते’ असे नाही. भरतीला दोन-तीन तास पाणी सुंदर असते, एरवी ते नुसते बघायचे. म्हणून इथे समुद्राकडच्या खोलीसाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी विचार करा. मागच्या बागेतली खोली घेऊन वाचलेल्या पैशात एक बोट डाइव्ह (बोटीने जाऊन स्कूबा) होते, आणि बहुतेकांसाठी तोच सौदा शहाणपणाचा.

राधानगर पश्चिमेला आहे, जेटीपासून साधारण १२ किलोमीटर. रेती पांढरी, मऊ, खडक नाहीत, पाठीशी उंच जंगल. इथे ताज एक्झॉटिका आणि बेअरफूट अशी महाग रिसॉर्ट आहेत. शांतता हवी असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर इथे राहण्याला तोड नाही, कारण सकाळी सहाला तो किनारा जवळपास एकट्याचा असतो. मात्र संध्याकाळनंतर बाहेर जेवायला जायचे तर अंधारातला घाटाचा रस्ता आहे. जेवण रिसॉर्टमध्येच आणि त्याच्याच भावात, हे धरून चाला.

दरांचा ढोबळ अंदाज असा: साधी झोपडी किंवा घरगुती खोली दीड ते तीन हजार, बरी वातानुकूलित खोली पाच ते नऊ हजार, राधानगरची मोठी नावे वीस हजारांच्या पुढे. ख्रिसमस ते नवीन वर्ष या आठवड्यात हे आकडे लागू नाहीत. पैसे भरण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा: जनरेटर रात्रभर चालतो का, पिण्याचे गाळलेले पाणी बाटलीत भरून मिळते का, जेटीवरून नेण्याची सोय आहे का, आणि पहाटेच्या बोटीसाठी नाश्ता बांधून देतात का. झोपडी घेत असाल तर मच्छरदाणीबद्दलही.

नीलला एक रात्र पुरते, दोन मिळाल्या तर उत्तम. बेट इतके छोटे आहे की कुठेही राहिलात तरी सगळे सायकलच्या टप्प्यात. ज्येष्ठांसाठी भरतपूरजवळ, जेटीपासून पायी अंतरावर खोली घ्यावी. सूर्यास्त आवडत असेल तर लक्ष्मणपूरच्या बाजूला. पोर्ट ब्लेअरला मात्र खोलीवर फार खर्च करू नका. तिथे तुम्ही झोपण्यापुरतेच असाल. अपवाद एकच: शेवटची रात्र जरा निवांत काढायची असेल तर वेलकमहॉटेल बे आयलंड किंवा सिंक्लेअर्स बेव्ह्यूसारख्या समुद्रावर नजर ठेवणाऱ्या जागा आहेत.

पायरी चौथी: पाण्यात उतरणे

अंदमानला येण्याचे खरे कारण पाण्याखाली आहे, म्हणून इथे घाई करू नका.

*स्कूबा.* पोहता येत नसेल तरी पहिली ‘ट्राय डाइव्ह’ करता येते. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि खोली कमाल १२ मीटर. वय किमान १० वर्षे. किनाऱ्यावरून चालत आत जायची शोअर डाइव्ह साडेतीन-चार हजारांच्या आसपास. नेमो रीफ हे हॅवलॉकमधले त्याचे नेहमीचे ठिकाण. बोटीने जायची डाइव्ह त्याच्या दीडपट महाग, पण पाणी जास्त नितळ आणि प्रवाळ जास्त जिवंत. पाण्याची भीती असेल तर शोअर डाइव्ह घ्या, कारण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तोंडाने श्वास घेण्याचा सराव होतो आणि नको वाटले तर चालत परत येता येते. भीती नसेल तर बोट डाइव्हच घ्या.

केंद्र निवडताना भावापेक्षा हे बघा: पॅडी किंवा एसएसआय या स्कूबा प्रशिक्षण संस्थांची मान्यता, एका प्रशिक्षकामागे एकच नवखा, आणि पाण्यात नेण्याआधी आरोग्याचा फॉर्म. फॉर्म न देता ‘चला, काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर ते लपवू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मुंबईतूनच डॉक्टरांचे पत्र घेऊन निघा, तिथे ऐनवेळी ते मिळत नाही. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला. नाक चोंदलेले असताना कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडदा फाटू शकतो.

पहिल्या डाइव्हमध्ये फसते ते बहुतेक कानामुळे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि त्यातला कानाला जाणवणारा बदल पहिल्या काही मीटरमध्येच सर्वांत तीव्र असतो. उपाय सोपा आहे. मास्कवरूनच दोन बोटांनी नाक चिमटीत धरा, तोंड बंद ठेवा आणि नाकातून हलकेच फुंकल्यासारखे करा. कानात बारीकसा ‘टक्’ आवाज झाला की दाब जुळला. हे पाण्यावर असतानाच सुरू करायचे आणि प्रत्येक मीटरला करत राहायचे. दुखायला लागेपर्यंत थांबलात तर कान आणि घसा जोडणारी नळी मिटते आणि मग कितीही फुंकले तरी उघडत नाही. अशा वेळी हात आडवा हलवून कानाकडे बोट दाखवा. प्रशिक्षक तुम्हाला एक-दीड मीटर वर नेईल, तिथे पुन्हा करा. जोर लावून फुंकू नका. आणि काहीही झाले तरी श्वास रोखून धरू नका, सावकाश आत-बाहेर चालू ठेवा.

अंगठा वर करण्याची खूण म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर जायचे आहे’! मस्त चालले असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा. ही एक खूण विसरल्याने कितीतरी जणांची डाइव्ह पाच मिनिटांत आटोपते.

मास्कमध्ये पाणी शिरण्याचे कारण बहुधा मिशी किंवा मास्कच्या कडेखाली अडकलेले केस. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने आत श्वास घ्या. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा आहे. चष्म्याचा नंबर असेल तर आधी सांगा, काही केंद्रांकडे नंबरचे मास्क असतात.

आता विमानाचे गणित. एक डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकापेक्षा जास्त केल्या असतील तर किमान १८ तास गेले पाहिजेत. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याचे बुडबुडे झाले तर सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणूनच स्कूबा हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, शेवटच्या दिवशी कधीच नाही.

*एलिफंट बीच.* स्नॉर्केलिंगसाठी (मास्क आणि नळी लावून, वर तरंगत पाण्याखाली बघण्यासाठी) हॅवलॉकची मुख्य जागा. जेटीवरून बोटीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते, भाड्यात सहसा थोडा वेळ स्नॉर्केलिंग धरलेले असते. पहिल्या खेपेच्या बोटीने जा. दहानंतर गर्दी इतकी होते की खाली मासे कमी आणि पाय जास्त दिसतात. दुसरा मार्ग राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून जाणारी पायवाट, साधारण पाऊण तासाची. पाऊस पडून गेला असेल तर ती टाळा, चिखल घोट्यापर्यंत असतो. दुपारनंतर आत सोडत नाहीत. बंद असण्याचा वार आणि शेवटच्या परतीची वेळ आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून घ्या. जेट स्की, सी वॉक (हवेचे हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणे) वगैरे तिथे जागेवर विकले जाते. सी वॉकपेक्षा तेच पैसे स्कूबात घाला.

प्रवाळावर उभे राहू नका. तो दगड वाटतो, पण जिवंत असतो. मोडलेला हातभर फांदीचा तुकडा पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात. पायाला जखम होते ती वेगळीच, आणि ती लवकर भरत नाही. दमलात तर रिंग धरून तरंगा.

*राधानगर.* पोहण्यासाठी सर्वांत चांगला किनारा, पण जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या लाटा थेट अंगावर येतात, तेव्हा लाल बावटा असेल तर पाण्यात जाऊ नका. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडत न पोहता किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ सुटली की किनाऱ्याकडे वळा. किनाऱ्याच्या एका टोकाला नील्स कोव्ह नावाची शांत, आरशासारखी खाडी आहे. फोटो काढा, पण उतरू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये याच ठिकाणी मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा जीव गेला. मगरीची पाटी जिथे असेल तिथे, तसेच खाडीच्या आणि खारफुटीच्या तोंडाशी पाणी टाळावे.

सकाळ-संध्याकाळ रेतीत बारीक वाळूमाश्या चावतात. तेव्हा काही कळत नाही, पण रात्री खाज सुटते आणि आठवडाभर पुरते. उघड्या रेतीत लोळू नका, चटई घाला, पायांना खोबरेल तेल जाडसर चोळा. चावले तर खाजवू नका, कॅलामाइन लावा.

*नील.* भरतपूरला उथळ, संथ पाणी असते. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवायला हीच जागा, तीही भरतीच्या वेळी. लक्ष्मणपूर २ ला दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिथे फक्त ओहोटीला जाता येते, हे कोष्टक न बघता जाणारे भिंतीसारख्या पाण्यापुढे उभे राहून परततात. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पकड असलेल्या सॅंडल घाला, साध्या स्लिपरने खडकावर हमखास घसरते. स्थानिक वाटाड्या थोडे पैसे घेतो, पण खडकांतल्या डबक्यांत दडलेले समुद्री काकडी, खेकडे, शिंपले तोच दाखवतो. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूर १ ला.

फिरायला हॅवलॉकवर स्कूटर घ्या, दिवसाला पाचशे-सातशे रुपये. मूळ वाहन परवाना लागतो. घेण्याआधी ब्रेक, दिवा आणि आधीचे ओरखडे व्हिडिओत टिपून ठेवा. राधानगरहून परतताना अंधार पडतो आणि वळणांवर दिवे नाहीत.

पायरी पाचवी: जेवण

हॅवलॉक आणि नीलवर वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची आहे, म्हणून इथले खरे जेवण बंगाली. बाजारातल्या साध्या खानावळीत दुपारी ताट मिळते: उकडा भात, पातळ डाळ, बटाट्याची भाजी, एखादी पालेभाजी आणि मोहरीच्या तेलातला माशाचा रस्सा. रिसॉर्टच्या ‘मल्टिक्विझिन’ बुफेपेक्षा हे ताजे, स्वस्त आणि पोटाला हलके. साडेबारा ते दीड ही वेळ गाठा, त्यानंतर मासा संपतो आणि डाळ पातळ होत जाते.

रात्री मासा निवडून भाजून घ्यायचा असेल तर ३ आणि ५ नंबरच्या पट्ट्यात पर्याय आहेत. समथिंग डिफरंट, फुल मून कॅफे, अंजू कोको ही नावे पर्यटकांत मुरलेली आहेत. मासा बघताना डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारे हवे. मालवणी-गोव्याच्या बाजारात लावता तीच कसोटी. सुरमई, टूना, रेड स्नॅपर आणि कोकारी नावाचा तिकडचा मासा नेहमी मिळतात. भाव वजनावर असतो. तो कच्च्या वजनाचा की शिजवलेल्या, भाजणावळ वेगळी की त्यातच, कर धरून की सोडून, हे तिन्ही प्रश्न मासा तव्यावर पडण्याआधी विचारा. लॉबस्टरच्या बिलावरचे बहुतेक वाद हे न विचारल्याने होतात. कोकणातला लॉबस्टर म्हणजे शेवंडी खाल्लेल्या माणसाने तिकडच्या लॉबस्टरवर फार पैसे घालवू नयेत, त्यापेक्षा साधी भाजलेली सुरमई, वर लिंबू, सोबत भात. १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनाऱ्याची मासेमारीबंदी असते, त्या काळात मोठे मासे बर्फातले असण्याची शक्यता धरा.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. इडली-डोसा, पुरी-भाजी, थाळी तिन्ही ठिकाणी मिळते. पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारातले अन्नपूर्णा खास याचसाठी लोकांच्या तोंडी आहे. हॅवलॉकच्या छोट्या कॅफेत मासा आणि भाजी एकाच तव्यावर होऊ शकते. चालत नसेल तर स्पष्ट विचारा, राग मानत नाहीत. नीलवर भाजीपाला तिथेच पिकतो, त्यामुळे वांगे, पडवळ, पालेभाजी तिथे हॅवलॉकपेक्षा ताजी मिळते. स्वयंपाकघरे रात्री नऊ-साडेनऊला बंद होतात. साडेसातला जेवायला बसा, आणि मागवल्यावर पाऊण तास लागेल असे समजून लहान मुलांसाठी लाडू-चिवडा सोबत ठेवा. पिण्याचे पाणी स्वतःच्या बाटलीत भरून घ्या, बेटावर साचलेले प्लास्टिक परत न्यायला बोटीशिवाय वाट नाही.

पोर्ट ब्लेअरचे दीड दिवस

पहिली दुपार सेल्युलर जेलला द्या. मराठी माणसाला इथे दोन तास कमी पडतात. सात भुजांच्या या तुरुंगाच्या आता तीनच उरल्या आहेत. बाबाराव आणि विनायक दामोदर हे दोघे सावरकर बंधू इथे होते. विनायकरावांची कोठडी वरच्या मजल्याच्या टोकाला आहे, जिने चढावे लागतात, ज्येष्ठांनी आधी वर जाऊन मग खाली संग्रहालय बघावे. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची हिंदी खेळाची तिकिटे लवकर संपतात, ती आधी काढा.

जास्तीच्या दिवशी अनेक जण बाराटांगची चुनखडीची गुहा बघायला पहाटे तीनला निघतात. तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून ताफ्याने जातो. गाडी थांबवणे, फोटो काढणे, खाऊ फेकणे हा गुन्हा आहे. गुहा बरी आहे, पण माणसे बघायला मिळतील या आशेने विकली जाणारी सहल घेऊ नये. त्याऐवजी वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉयला जा. ते मोसमातच उघडते, परवाना आधी काढावा लागतो आणि प्लास्टिकची पिशवीसुद्धा नेऊ देत नाहीत. त्यामुळे तिथले प्रवाळ प्लास्टिकच्या कचऱ्यापासून वाचते. ते न जमल्यास दुपारी चिडिया टापूला, शहरापासून २५ किलोमीटरवर, सूर्यास्तासाठी.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. हॅवलॉकला एटीएम आहेत पण सुट्टीच्या दिवसांत रिकामी होतात, नीलवर तर भरवसाच नको. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, तरी वादळी हवेत युपीआय अडते.

परतीच्या सामानात किनाऱ्यावरून उचललेला शंख, शिंपला किंवा प्रवाळाचा तुकडा नसावा. प्रवाळाला आणि अनेक शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत बॅगा उघडून ते काढून घेतात. मुलांच्या खिशांत असतात ते, म्हणून हॉटेल सोडतानाच खिसे आणि बुटांचे तळ झाडून घ्या. शंखाची वस्तू हवीच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी सागरिका दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत, वरच्या कप्प्यात ठेवा.